दात काढू नको

आये, मला तुझ्याशी भांडायचं आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत पत्र लिहायला शिकवलं तेव्हा वर तीर्थरूप आणि खाली साष्टांग नमस्कार घालायचा असं गुरुजी सांगायचे. ते दोन्ही मी गाळलंय. साष्टांग घालायला गुडघे राहिले नाहीत, आणि तीर्थरूप म्हणावं असं तू काही केलेलं नाहीस. अक्षरं मोठी काढतेय, कारण उजव्या डोळ्यानं मला नुसता उजेड कळतो आणि डाव्यासमोर ताकासारखं पांढरं असतं. एखादी ओळ दुसरीवर चढली तर चढू दे. तुला तसंही वाचता येत नव्हतं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला बघितलेली माणसंसुद्धा आता संपत आली. जी उरलीत ती अजून तुला गुलकंदवाली म्हणतात. मागं म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला गेले होते तेव्हा एक म्हातारी भेटली. माझा हात धरून म्हणाली, "आगं, तुज्या आयच्या हाताचा गुलकंद! आमच्या घरातली उष्णता तिनंच पळीवली." मी हात सोडवून घेतला. माझ्या तोंडात तेव्हा खालचे पुढचे दात हलायला लागले होते आणि तिच्या तोंडात एकही नव्हता. दोघी तुझ्याच हाताखालून गेलेल्या.

तुझं घर मला अजून दिसतं. डोळ्यासमोरचं दिसत नाही, तेवढं ते दिसतं. माण तालुक्यातलं कोरडं गाव, प्यायच्या पाण्यासाठी दोन रानं ओलांडून जायचं, आणि तू मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर गावठी गुलाब जगवलेले. ऊन तापायच्या आत पाकळ्या तोडायच्या, फडक्यानं टिपून घ्यायच्या, मग बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, वर फडक्याचा दादरा बांधून बरणी माळवदावर उन्हात. पाकळ्या काळपट होऊन पाक सुटला की तुझ्या तोंडावर समाधान दिसायचं. लेकीकडं बघून ते कधी दिसलं नाही. बायका यायच्या. एकीचं तोंड आलेलं, एकीला लघवीला जळजळ, एकीचे डोळे चुरचुरतात. तू सोप्यात बसून सगळं ऐकून घ्यायचीस, कपाळावर हात ठेवायचीस आणि सगळ्यांना एकच सांगायचीस, "उष्णता झालीया. सकाळच्याला इवलासा गुलकंद खा, सबजा भिजवून पी." त्या पदराला तोंड पुसत निघून जायच्या. आमच्या गुरुजींनी सगळ्या गणितांना एकच उत्तर सांगितलं असतं तर शाळा बंद पडली असती. तुझा दवाखाना चालला.

आणि तू स्वतः? थंडी असो की उन्हाळा, पाण्याचा तांब्या तुझ्या हाताशी. प्यायचीस, उठून जायचीस, येऊन पुन्हा प्यायचीस. तळपाय जळतात म्हणून दुपारी माझ्या मांडीवर पाय टाकून पडायचीस आणि मी काशाच्या वाटीनं तुझे तळवे घासायचे. तूप लावून वाटी फिरवली की काळं काळं निघायचं. "बघ, किती उष्णता निघतीया!" तू खुशीत म्हणायचीस. मी खरं मानायचे. परवा तीच वाटी मी सुनेच्या तळव्यावर फिरवून बघितली. तिशीतली बाई, दिवसभर गार हापिसात बसते, तिला कसलीही उष्णता नाही. तरी काळं निघालं. तो काशाचा आणि तुपाचा गुण आहे, आये. तुझ्या पायातून काही निघत नव्हतं. तुझ्या पायातून फक्त जाणीव निघून चालली होती. आणि न्हाणीत तू जाऊन आलीस की त्या जागेला मुंग्या लागायच्या. मी दाखवल्या तर म्हणालीस, "उनाळा हाय. मुंग्यास्नी बी उष्णता व्हती."

तुझ्या तोंडाचं मला तेव्हा काही कळत नव्हतं. मिशरी लावून चूळ भरलीस की पाणी लाल पडायचं, एवढं दिसायचं. मग तू बोटभर गुलकंद तोंडात घालायचीस. एकेक दात सैल व्हायचा, तू तो जिभेनं ढकलत राहायचीस आणि मग कधीतरी चुलीसमोरच हातावर घेऊन राखेत टाकायचीस, ज्वारीतला खडा टाकावा तसा. ओरडणं नाही, कण्हणं नाही. चाळिशीच्या आतच तू भाकरी कालवणात भिजवून खायला लागलीस.

तुझं एखादं वाक्य आठवतं का असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, "दात काढू नको." मी हसले की दात काढू नको. मैत्रिणी आल्या आणि खिदळलो की, "दात काय काढतीस गं? झाक ते." एकदा मक्याचं कणीस खाता खाता मला कशाचं तरी हसू फुटलं, तोंड पुरतं उघडं पडलं, तर तू उलथनं माझ्या दंडावर ठेवलंस. खूण अजून आहे. मला वाटलं माझे दात वाईट असतील. आरशात बघितले तर चांगले ओळीत, पांढरेशुभ्र. मग वाटायला लागलं की वाईट मीच. कारण तू माझ्याशी बोलायचीस तेसुद्धा चुलीकडं तोंड करून. "पाणी आण," चुलीला सांगायचीस. "जेवलीस का," चुलीला विचारायचीस. मी मागं उभी राहून तुझ्या अंबाड्याशी बोलायचे. दोन लेकींवर ही तिसरी, हिचं तोंड कशाला बघायचं, असा मी मनाशी हिशेब लावला. असा हिशेब एकदा बसला की माणूस तो पुन्हा तपासत नाही.

माझं लग्न होतं, मी सांगलीला निघते. एसटीच्या थांब्यावर सगळी जमलीत. मावशी रडते, चुलती रडते. मी तुझ्या गळ्यात पडायला पुढं येते आणि तू काय करतेस? दोघींच्या मधे बरणी धरतेस. गच्च भरलेली, दादरा बांधलेली. "सांबाळून न्ये. सासरी कुणाला उष्णता झाली तर उपेगी पडंल." मान फिरवलेली, म्हसवडच्या रस्त्याकडं. माझ्या छातीला बरणीचा गार काठ लागला, तू लागली नाहीस. एसटी सुटल्यावर मी ठरवलं की हिच्या गळ्यात पुन्हा पडायला जायचं नाही. गेलेही नाही.

तुला बाभळीचा काटा लागला तेव्हा कळलंच नाही. अख्खा काटा टाचेत ठेवून तू फिरत होतीस. पाय काळा पडला तेव्हा तुला साताऱ्याला नेलं. मी सांगलीहून आले तर डॉक्टर आमच्या वडलांना, दादांना, विचारत होता, हिला साखर किती दिवस आहे. दादा म्हणाले, "साखर? साखर न्हाई, आमी गूळ खातो." मग डॉक्टरनं विचारलं, ही काय काय खाते. दादा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "गुलकंद. सोता बनवती." डॉक्टरनं कपाळाला हात लावला. तू पदर तोंडावर धरून भिंतीकडं बघत म्हणालीस, "उष्णता हाय डाक्टर, दुसरं काय न्हाई." मी ऐकलेलं तुझं ते शेवटचं बोलणं. मरतानाही तू खोडून काढू दिलं नाहीस.

आता माझं ऐक. लेकाच्या घरात असते मी, सांगलीत. तो कुपवाडला एका कारखान्यात आहे, सकाळी गाडीला किक मारतो तो दिवेलागणीला येतो. सून शिकलेली आहे आणि मला ती फारशी आवडत नाही, पण खरं ते लिहिते. आमच्या संडासात मुंग्या लागल्या तेव्हा तिनं उन्हाळ्याचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मला उपाशीपोटी रक्त द्यायला नेलं. साखर निघाली. भरपूर. तेव्हापासून मी चहा बिनसाखरेचा पिते, सणाला पोळी दुसऱ्याच्या ताटात बघते, मिशरी सोडली आणि गुलकंदाला बोट लावलं नाही. तुझी बरणी मात्र ट्रंकेत ठेवली होती, भरलेली. टाकवली नाही. का, ते विचारू नको.

मग डोळ्यात मोतीबिंदू पिकला. नातीचं तोंड मला भांड्यात बघितल्यासारखं दिसायला लागलं. डोळ्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि सरळ सांगितलं, तीन महिन्यांची साखर उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही. बरं. मी गोळ्या वेळेवर घेतल्या, भात सोडला, कॉलनीतल्या कुत्र्यांना ओळख पटेपर्यंत चालले. रिपोर्ट आला, साखर जिथल्या तिथं. पुन्हा तीन महिने. पुन्हा तेच. आणि घरात सगळे माझ्याकडं बघायला लागले तसं, जसं दुकानदार हातात पिशवी असलेल्या बाईकडं बघतो. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. सून नातीला हळूच विचारते, आजीनं तुझा लाडू खाल्ला का गं? मी मोतीबिंदूनं आंधळी झाले होते, बहिरी झाले नव्हते.

एका रविवारी लेक माझ्यासमोर बसला. "आई, खरं सांग. काय खातीस?"

"तुमी वाढता त्येच."

"मग साखर का उतरंना? डॉक्टर म्हणतोय गोळी वाढवून बी फरक न्हाई. चोरून काय खात असलीस तर सांग, मी काय मारणार हाय का तुला?"

"मी चोर हाय व्हय रं?"

तो उठला आणि माझी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली बरणी. दादरा सोडला, वास घेतला आणि सुनेला हाक मारली. "घे. घावली." आये, त्या दोघांची तोंडं मला नीट दिसली नाहीत हे बरं झालं. मी लेकाला म्हणाले, ती तुझ्या आजीची आहे, मी हातसुद्धा लावला नाही. लेक म्हणाला, "भरलेली दिसतीया कारण तू परत परत भरतीस." माझ्यासमोर ती बेसिनमधे रिकामी केली. गुलकंद चिकट, जाता जात नाही, नळाची धार लावून बोटानं ढकलला. चाळीस वर्षं संसार करून ज्याला मी वाढवलं त्यानं मला साखरचोर ठरवलं, आणि पुरावा कुणी दिला? तू. मेल्यावरसुद्धा मधे बरणी धरलीस.

पुढच्या आठवड्यात भाकरीच्या तुकड्यात माझा दात निघून आला. रक्त आलं, दुखलं काहीच नाही. मी बोटात धरून बघितला आणि, तुझीच लेक ना मी, तोंडातून निघून गेलं, "उष्णता झाली." दुसऱ्या दिवशी लेकाला अर्धा दिवस सुट्टी घ्यायला लावून सुनेनं मला दातांच्या डॉक्टरणीकडं पाठवलं. आवडत नाही म्हणाले ना? तरी पाठवलं.

डॉक्टरीण तरणी पोर होती. "आजी, तोंड उघडा. अजून. आणखी मोठं." जन्मात पहिल्यांदा कुणी मला तोंड मोठं उघडायला सांगत होतं. तिनं एक बारीक सळई घेतली, तिच्यावर खुणा होत्या, आणि ती दात आणि हिरडीच्या मधे घातली. चांगल्या हिरडीत ती लगेच टेकते म्हणे. माझ्यात ती बुडत गेली. चिखलात काठी जावी तशी.

"दुखतंय?"

"न्हाई बा."

"तेच तर. हे दुखत नाही म्हणून कुणी येत नाही. दात हलायला लागले की मग येतात."

मी म्हणाले, "बाई, उष्णता झालीया. आमच्या आयचं बी असंच हुतं. मी गुलकंद बंद केला ना, म्हणून वाढलं आसंल."

तिचा हात थांबला. "गुलकंद? आजी, तुम्हाला साखर आहे ना?"

लेक खुर्चीतून पुढं सरकला. "त्येच सांगतोय मॅडम, ही चोरून खाती. साखर उतरतच न्हाई."

डॉक्टरणीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग तिनं खुर्ची ओढून आम्हाला समजावून सांगितलं, आणि मी ते तुला सांगतेय, कारण तुला कुणी सांगितलं नाही. रक्तात साखर जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि हिरडीला धड रक्त पोचत नाही. थुंकीतसुद्धा साखर उतरते, तोंड कोरडं पडतं, दाताच्या मुळाशी जंतूंना जत्रा भरल्यासारखं होतं. रक्तातले शिपाई त्यांच्यावर धावून जातात, पण साखरेनं ते बधिर झालेले. धड मारताही येत नाही आणि कुठं थांबायचं तेही कळत नाही. जंतू थोडे मरतात आणि आपलंच घर जास्त मोडतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, आतलं हाड झिजत जातं. दात पडतो तो किडून पडत नाही, त्याच्या खालची जमीनच जाते. मिशरीनं त्यात आणखी भर घातली, ते निराळं. आपल्या घराण्यातले निम्मे पुरुष फौजेत, त्यामुळं शिपायांचं मला चटकन कळलं.

"आणि हे एवढ्यावर थांबत नाही," ती लेकाला म्हणाली. "तोंडात हे सतत धुमसत राहिलं की त्याचा त्रास रक्तातून सगळ्या अंगाला होतो. मग गोळीचा जोर पडत नाही, साखर खाली यायला मागत नाही. साखरेनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर चढी ठेवतात. सगळा दोष हिरड्यांचाच असेल असं मी म्हणणार नाही. पण आजींनी एक कण साखर खाल्ली नसेल तरी रिपोर्ट असा येऊ शकतो."

तोंडात कापूस होता तरी मी बोलले. "म्हंजी मी चोर न्हाई?"

"माझ्या तपासणीत तरी नाही, आजी."

लेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. मोतीबिंदूतूनसुद्धा दिसलं. गाडीवर घरी येताना त्यानं मधेच गाडी थांबवून शहाळं घेतलं, मग त्याला आठवलं की तेही गोडच, तर स्वतःच पिऊन टाकलं.

पण मला राग कशाचा आला माहीत आहे? डॉक्टरीण बोलता बोलता म्हणाली, "आत दाह आहे." मी विचारलं दाह म्हणजे काय. ती म्हणाली, "दाह म्हणजे आतली आग, आजी. लाली, सूज, गरमपणा." मी म्हणाले, "म्हंजी उष्णताच की." ती हसली. "उष्णताच म्हणा हवं तर. पण ही सबजानं जात नाही." म्हणजे तुझं नाव बरोबर होतं! इतकी वर्षं तू आगीला आगच म्हणत होतीस आणि तिच्यावर खडीसाखर ओतत होतीस. साफ चुकली असतीस तर मी सोडून दिलं असतं. अर्धं बरोबर सांगणाऱ्या माणसाइतकं कुणी नुकसान करत नाही, कारण त्याच्यावर विश्वास बसतो.

मी विचारलं, "आता दात काढायचे का समदे?" ती म्हणाली, "काढायचे नाहीत. वाचवायचे. एखादा जाईल, पण बाकीच्यांसाठी प्रयत्न करू." बघ आये. तू मारून शिकवलंस दात काढू नको, हिनं हसून सांगितलं. शब्द तेच.

निघताना लेक बाहेर पैसे द्यायला गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, तोंडाला वास येतो ना? घरचे बोलत नाहीत. पण माणसाला आपलं आपल्याला कळतं, मग तो आपोआप लांब बसायला लागतो. खोलवर सफाई केली की जाईल तो."

घरी आले. नात शाळेतून आलेली, पाच वर्षांची, चेहऱ्यावर चेहरा आणून बोलायची तिला सवय. मांडीवर चढली आणि विचारलं, "आजी, दात कुठं गेला?" मी मान वळवून म्हणाले, "डॉक्टरणीकडं र्‍हायला." ती म्हणाली, "किती दुखलं?" मी म्हणाले, "इवलंसं." मग तिनं माझी हनुवटी धरली आणि विचारलं, "आजी, तू भिंतीशी का बोलतीस? मी इकडं हाय."

आये, मी तिला खाली ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन बसले. मग तू एकेक करून माझ्यापुढं यायला लागलीस. चुलीकडं तोंड. म्हसवडच्या रस्त्याकडं मान. साताऱ्याच्या दवाखान्यात भिंत. उठताबसता तोंडावर पदर. मी हसले की "झाक ते", कारण तोंड उघडणं म्हणजे काय असतं ते तुझं तुला माहीत होतं, आणि कुणाचंही उघडं तोंड बघितलं की तुला तुझं आठवत असणार. आणि गुलकंद. आता कळलं. बायका दारात दिसल्या की तू आधी स्वतः बोटभर तोंडात घालायचीस, मग त्यांच्याजवळ बसायचीस. दादा रानातून यायच्या वेळेला बोटभर. माझ्या लग्नात, वर्‍हाड आल्यावर, बोटभर. तो उष्णतेवर नव्हता. तो वासावर होता. वास झाकायला साखर, त्या साखरेनं आणखी वास, तो झाकायला आणखी साखर. स्वतःच्या तोंडात हे चाललेलं, आणि वर गावाला औषध वाटत होतीस.

म्हणून काय मी तुला माफ करू? नाही करत. "माझ्या तोंडाला वास येतो गं, म्हणून लांब बसते," एवढं सांगायला काय लागत होतं? मी तिसरी लेक म्हणून नकोशी, हे ओझं मी सांगलीपर्यंत आणलं, संसारभर वागवलं. दादांना तरी सांगायचंस. बहिणीला सांगायचंस. तुला लाज प्यारी होती. लाजेसाठी तू दात घालवलेस, पाय घालवलास, आणि लेकीला पाठीमागं उभी ठेवलंस. आणि तीच लाज मला न सांगता माझ्या अंगात सोडून गेलीस, साखरेसारखीच. नातीनं हनुवटी धरली नसती तर मी तिलाही भिंतीमागं उभी केली असती. त्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आले आणि तिला जवळ घेऊन सांगितलं, "माज्या हिरड्या आजारी हायत, तोंडाला वास येतो, म्हणून तिकडं बघत हुते." तिनं नाक माझ्या तोंडाशी आणलं, हुंगलं आणि म्हणाली, "व्हय गं, लय घाण येतोय." आणि मांडीवर तशीच बसून राहिली. संपलं. एवढंच होतं ते.

डॉक्टरणीनं बरेच हेलपाटे घालायला लावले. एकेक बाजू बधिर करून हिरडीच्या आत जाऊन खरवडली. आणखी एक दात गेला, बाकीचे घट्ट झाले नाहीत पण हलायचेही थांबले. आता चूळ भरली की पाणी पांढरं पडतं. साखरेच्या डॉक्टरनंही मधे गोळी बदलली, त्यामुळं श्रेय कुणाचं किती ते मी सांगू शकत नाही. पण आज रिपोर्ट आला. उतरली. लेकानं तो कागद मला वाचून दाखवला, मग सुनेनं वाचून दाखवला, जसं काही माझा निकालच लागलाय. डोळ्याच्या डॉक्टरनं पुढच्या सोमवारी बोलावलंय. आधी उजवा करणार. नातीचं तोंड नीट दिसेल म्हणतात. सुनेनं साखरेचा डबा खालच्या फळीवर आणून ठेवला, मुकाट्यानं. तेवढं चालतं आमचं.

तुला हे सगळं ऐकवायचं होतं, ऐकवलं. पाठवायला तर जागा नाही, आणि घरात पडलं तर लेक वाचेल. म्हणून घडी करून बरणीत टाकते. रिकामीच आहे. सुनेनं गरम पाण्यानं धुतली, लिंबू लावलं, उन्हात पालथी घातली, तरी तिचा वास जात नाही. त्यावरून एक राहिलेलं सांगते. तू गुलकंद खाऊन तोंडाचा वास झाकायचीस ना, तो झाकला जात नव्हता. गुलाबाखालून यायचा. मी तुझ्याजवळ निजायचे तेव्हापासून मला ठाऊक होता.

मला चालायचा.